वाफा येतात, पण घाम येतो का?



गटाच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की आमच्यात दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. पन्नाशीजवळच्या एक ताई दोन वर्षं सांगत होत्या, “तोंड एकदम लालबुंद होतं, कानशिलं तापतात, दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडे पळावं लागतं.” आम्हीच म्हणायचो, “पाळी जायचं वय आहे, होतं असं.” आमचं चुकलं. वजन उतरलं तेव्हा लेकीने त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. लहान आतड्यात न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर निघाला.

अभिनेते इरफान खान यांनी २०१८ मध्ये आपल्याला हा आजार असल्याचं सांगितलं, तेव्हा हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. शरीरात हार्मोन्स तयार करणाऱ्या पेशींची ही गाठ. ती आतडी, जठर, स्वादुपिंड, फुप्फुस अशी कुठेही होऊ शकते. काही गाठी वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, काही झपाट्याने. काहींना तर त्रासच जाणवत नाही.

पाळी जाताना वाफा येतात, तेव्हा बहुधा घाम फुटतो. या गाठीमुळे चेहरा-मान लाल होते, पण घाम सहसा नसतो. सोबत पातळ जुलाब, कधी दम्यासारखी घरघर. आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे वाफा आल्या की घाबरू नका. पण वाफा आणि जुलाब दोन्ही असतील, तर डॉक्टरांना दोन्ही एकत्र सांगा. आमच्या ताई वाफांचं एकीकडे आणि पोटाचं दुसरीकडे सांगत राहिल्या.

तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी साठवून देतात. त्याआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवायला सांगतात, नाहीतर निकाल चुकतो. गाठीचा तुकडा तपासून ती किती वेगाने वाढते ते ठरवतात. गॅलियमचा खास पेट स्कॅन केला की ती कुठे कुठे पसरली आहे ते दिसतं.

शक्य असेल तिथे शस्त्रक्रिया करून गाठ काढतात. हार्मोन्सचा त्रास आवरायला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन असतं, बहुधा दर चार आठवड्यांनी. गाठ पसरली असेल आणि स्कॅनमध्ये नीट दिसत असेल, तर ल्युटेशियम नावाचं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस. हे ल्युटेशियम आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार होतं. डोसनंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं.

घरच्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दात काढायचा असो की दुसरं ऑपरेशन, आधी या आजाराचं सांगायचंच, कारण भूल देताना रक्तदाब एकाएकी बिघडू शकतो. आणि हृदयाच्या झडपांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा इको करायचा.

ताई आजही बैठकीला येतात. गटाच्या वहीत त्यांच्या हप्त्याशेजारी आम्ही इंजेक्शनची तारीख लिहितो. त्या दिवशी सोबत कोण जाणार, तेही तिथेच ठरतं.

तुमच्या गटातलं कुणी असं सांगत असेल, तर “वयाचंच आहे” म्हणण्याआधी एकदा विचारा, घाम येतो का?