एकच गोगलगाय, नावं मात्र ११३!

फील्डवरून आणलेले नमुने टेबलावर मांडले की पहिला मोह कसला होतो? 'हे वेगळं दिसतंय, म्हणजे प्रजातीही वेगळी!' पहिल्या सीझनला मीही एकाच खडकावरच्या शंखांचे दोन ढीग करून दोन लेबलं लावली होती. मोजमापांचा आलेख काढला, तर मधले सगळे आकार सलग भरलेले! लेबलं गुपचूप काढली. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आज 'लिटोरिना सॅक्सॅटिलिस'ची गोष्ट.

सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची ही समुद्री गोगलगाय भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकांवर राहते. ऑलिव्ही यांनी १७९२ मध्ये व्हेनिसच्या परिसरातल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. पुढे जो तो नवं नाव देत गेला. २०१५ मध्ये सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीने हिशेब मांडला, तेव्हा या एकाच प्रजातीची ११३ नावं निघाली!

असं का झालं? कारण तिचा शंख जागेप्रमाणे बदलतो. स्वीडनच्या किनाऱ्यावर जिथे खेकडे जास्त, तिथे शंख मोठा, जाड आणि तोंड अरुंद. जिथे लाटांचा मारा, तिथे शंख लहान, पातळ आणि तोंड रुंद, म्हणजे खडकाला धरणारा पाय मोठा. पण दोन्ही पट्टे जिथे भेटतात तिथे त्यांचा संकर होतो. म्हणून प्रजाती एकच.

आता उलटी चूक बघा. 'लिटोरिना आर्काना' दिसायला जवळपास हिच्यासारखीच, त्यामुळे १९७८ पर्यंत तिला स्वतंत्र नावच नव्हतं. फरक आत आहे: आर्काना खडकावर अंडी घालते, तर सॅक्सॅटिलिसची मादी पिल्लं पोटातच वाढवते. म्हणजे नुसता शंख बघून चालत नाही, मादीची चिरफाड करावी लागते.

हीच सवय प्रसाराचं कोडंही सोडवते. उत्तर अटलांटिकमध्ये रॉकॉल नावाचा एकाकी खडक आहे. 'लिटोरिना लिटोरिया'च्या अळ्या पाण्यात तरंगत दूरवर जातात, तरी ती तिथे नाही. जिची पिल्लं तरंगतच नाहीत, ती सॅक्सॅटिलिस मात्र आहे! केर्स्टिन योहानेसन यांनी १९८८ मध्ये याचं उत्तर मांडलं: पिल्लं पोटात असलेली एकच मादी कशाला तरी चिकटून पोचली, तरी वसाहत सुरू होते. पिल्लं तिथेच राहतात, तिथेच जोड्या जमतात. लिटोरियाच्या अळ्या मात्र प्रवाहाबरोबर पुन्हा विखुरतात. पोचणं वेगळं आणि टिकणं वेगळं.

तेव्हा नवं नाव सुचलं की आधी तीन प्रश्न विचारा. मधले आकार सापडतात का? प्रजनन कसं होतं? जिथे दोन्ही रूपं भेटतात तिथले नमुने घेतलेत का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर लेबल लिहू नका. पुन्हा किनाऱ्यावर जा.