कूलरची टाकी कोणाच्या हद्दीत?

सरकार किती, आपण किती? : भाग सातवा

मागच्या भागात नायलॉन मांजाबद्दल बोललो. तिथे तत्त्वाचा वाद नव्हताच. जी दोरी रस्त्यावरून जाणाऱ्याचा गळा कापते तिच्यावर बंदी हवी, हे सगळ्यांनाच मान्य. भांडण होतं ते अंमलबजावणीचं. आज घेतलेली वस्तू मात्र कोणाच्या वाटेला जात नाही. उलट तिच्याशिवाय नागपूरचा मे महिना निघत नाही. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा गावात कूलरला चैन म्हणणारा माणूस बाहेरगावचाच असणार.

पण हा कूलर असतो कुठे, ते पाहा. लोखंडी स्टँडवर, खिडकीला लागून. तोंड खोलीत आणि सगळं अंग गल्लीत. वीजबिल घरमालकाचं, हवा घरमालकाची, आणि टाकीत जे जन्माला येतं ते साऱ्या मोहल्ल्याचं. खासगी आणि सार्वजनिक यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास नालीतल्या घाणीत सहसा वाढत नाही. त्याला साठवलेलं, स्वच्छ, स्थिर पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात; आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात ते या हिशेबावरच. मात्र नुसतं पाणी ओतून दिलं म्हणजे काम झालं असं नाही. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. टाकी घासावी लागते. हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतबाहेर. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमचा किंवा शेजाऱ्याचाच.

खरा धोका मे महिन्यात नसतो. तेव्हा पंप चालू असतो, पाणी फिरतं आणि संपतंही भराभर. धोका सुरू होतो जुलैत. दमट हवेत कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा लावला जातो, टाकीच्या तळाशी चार बोटं पाणी उरतं, वरून पावसाचं पडतं, आणि पुढच्या मार्चपर्यंत त्या टाकीत कोणी डोकावत नाही. डेंग्यूचा जोर याच पावसाळी महिन्यांत असतो, हा योगायोग नाही.

महापालिकेचा मलेरिया-फायलेरिया विभाग या दिवसांत घरोघरी माणसं पाठवतो. ताई, कूलर पाहायचा आहे, असं म्हणत ती दारात उभी राहतात. अळ्या दिसल्या तर पाणी फेकायला लावतात, नाहीतर औषध टाकतात, मोठ्या टाक्यांत गप्पी मासे सोडतात. दारावर मिळणारं ठरलेलं उत्तर असं: आमच्याकडे कुठे आहेत डास, त्या नालीत जाऊन पाहा ना जी! डासाच्या स्वभावाचा विचार केला तर हे उत्तर चूक आहे. नागरिकाच्या अनुभवाचा विचार केला तर तितकंसं चूक नाही. वर्षभर नाली उपसायला न आलेली यंत्रणा अचानक तुमच्या खिडकीपाशी येऊन शिस्त शिकवू लागली, तर राग येणारच.

घरात शिरणाऱ्या सरकारबद्दलचा संशय मराठी माणसाला नवा नाही. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी रँडने गोरे सोजीर घरांत घुसवले. देवघर, स्वयंपाकघर, काही वगळलं नाही. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. प्लेग खरा होता आणि रोगी शोधणंही गरजेचं होतं. पण ज्या सत्तेला लोकांपुढे जाब द्यायचा नव्हता, तिने केलेली तपासणी लोकांना धाडच वाटली.

त्यानंतर चारच वर्षांनी दुसऱ्या टोकाला काय घडलं तेही पाहावं. 1901 मध्ये क्युबातल्या हवानात अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी पीतज्वराविरुद्ध मोहीम काढली. डास हाच, एडिस. घरोघरी तपासणी, पाण्याची पिंपं झाकण्याची सक्ती, अळ्या सापडल्या तर दंड. काही महिन्यांत त्या शहरातून पीतज्वर हटला. तेही परक्यांचंच राज्य होतं, जबरदस्ती तिथेही होती. पण पथकं घराघरांत नियमाने पुन्हा पुन्हा जात आणि काय शोधायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. आज सिंगापूर हेच करतं. तिथे घरात अळ्या सापडल्या तर दंड होतो. आपल्याकडे मुंबई महापालिकाही डासांची पैदास आढळली की नोटिसा देते आणि खटले भरते.

जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये मांडलं होतं की माणसाच्या स्वातंत्र्यात समाजाने हात घालावा तो दुसऱ्याचं नुकसान टाळण्यापुरताच. ही कसोटी लावली तर कूलरची टाकी माझी खासगी बाब राहत नाही, आणि दंडालाही माझी तत्त्वतः हरकत नाही. शिवाय डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि वेगळ्या प्रकाराची दुसरी लागण जास्त गंभीर होऊ शकते. ‘आमच्याकडे सगळ्यांना होऊन गेला’ या समाधानात म्हणूनच अर्थ नाही.

माझी हरकत क्रमाला आहे. राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानलं आहे; 51-क मध्ये, 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली. गंमत अशी की यांतलं कोणतंच थेट कोर्टात जाऊन बजावून घेता येत नाही. दोन्ही बाजू एकमेकींच्या भल्या वागण्यावर सोडलेल्या आहेत. अशा वेळी ज्याच्या हातात नोटीस आहे त्यानेच पहिलं पाऊल टाकायला हवं. पहिली नोटीस सरकारी वसाहतींच्या गच्चीवरल्या टाक्यांना, पोलीस ठाण्यांच्या आवारात सडत पडलेल्या जप्त गाड्यांना आणि सरकारी कंत्राटदारांच्या बांधकामांना जावी, आणि तिची यादी लोकांना दिसावी. नंतर धरमपेठेतल्या बंगल्याला आणि मोमिनपुऱ्यातल्या घराला सारखाच दंड लावा.

धूरफवारणीचं मात्र कौतुक पुरे. ती उडते डास मारते, अळ्यांना तिचं सोयरसुतक नसतं. पण यंत्राचा आवाज होतो, धूर दिसतो आणि काहीतरी चाललंय असं लोकांनाही वाटतं, पुढाऱ्यांनाही. टाकी घासून घेणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार?

आणखी एक गोष्ट दंडाच्या पावतीवर कधी येत नाही. लोक पाणी साठवतात, कारण नळावर त्यांचा भरवसा नाही. 2012 पासून नागपूरचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे आहे. चोवीस तास पाणी हे त्या योजनेचं उद्दिष्ट. ज्या भागात नळ ठरावीक वेळीच येतो किंवा टँकर येतो, तिथल्या बाईला पिंप रिकामं करून कोरडा दिवस पाळा म्हणणं म्हणजे एक दिवस पाण्याविना राहा म्हणणं. घट्ट झाकणाचं पिंप वापरा, हे सांगणं रास्त. त्यापुढची सक्ती करण्याचा हक्क नळ नियमित आल्यावरच मिळतो.

शेवटी उरतात मोकळे भूखंड. शहराच्या कडेला, विशेषतः गुंठेवारीतल्या ले-आऊटमध्ये, कुणी गुंतवणूक म्हणून घेतलेला प्लॉट पावसाळाभर तळं होऊन बसतो. मालक पुण्यात किंवा परदेशात, कुंपण नाही, रस्ता उंच झाल्याने पाण्याला वाट नाही. शेजाऱ्याने तक्रार केली की महापालिका म्हणते प्लॉट खासगी आहे, मालक म्हणतो विकास शुल्क भरलंय, नाली सुधार प्रन्यासने काढायची. तिघांचंही म्हणणं कागदावर बरोबर असू शकतं. त्या कागदांकडे पुढच्या भागात पाहू.