मोत्या, आमची फरशी आणि पंधरा रात्री

पहाटे पाचला सासूबाई अंघोळीला उठल्या आणि देवघरासमोरच्या ओल्यावर त्यांचा पाय सरकला. भिंतीला हात टेकला म्हणून पडल्या नाहीत. सत्तरीत हाड मोडलं की माणूस कसं अंथरुणाला खिळतं, हे काय मी सांगायला हवं? त्या एवढंच म्हणाल्या, "आज वाचले गं बाई!" आमचे हे मात्र भडकले. "पंधरा दिवस बघू. नाही जमलं तर मोत्याला गावी कुणाला तरी देऊन टाकू."

मोत्या हा माझ्या वडिलांचा कुत्रा, सहा वर्षांचा. वडील गेले, आई भावाकडे राहायला गेली. तिथे कुत्र्याची सोय नाही, म्हणून वाईजवळच्या गावातून तो आमच्या सांगलीच्या दुसऱ्या मजल्यावर आला. दिवसा अगदी शहाण्यासारखा वागायचा, पण एक दिवसाआड रात्री पॅसेजमध्ये तळं! आणि आई दर रविवारी फोनवर विचारणार, "मोत्या रुळला ना गं?" तिला काय सांगायचं?

सुरुवातीला मी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. सकाळी त्याला ओढत त्या जागी न्यायचं, नाक फरशीला लावायचं आणि रागवायचं. तो शेपूट घालून बसायचा. मला वाटे, चूक कळली! जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझा गैरसमज दूर केला. "ताई, त्याला चूक नाही कळली, तुमचा आवाज तेवढा कळला. रात्री केलेल्याची शिक्षा सकाळी केली तर त्याला संबंध लागत नाही. उलट तो लपून करायला शिकतो."

त्यांनी आधी लघवी तपासायला सांगितली. मोठा कुत्रा घरात करू लागला तर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग, खडा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. ऑपरेशन झालेल्या काही कुत्र्यांना, विशेषतः माद्यांना, झोपेत नकळत होते. त्यावर औषध आहे, रागावून उपयोग नाही. मोत्याची तपासणी स्वच्छ निघाली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "जेवतो कधी?"

"आमची जेवणं झाल्यावर, साडेनऊला. चपाती कुस्करून वर ताक नाहीतर दूध."

"झोपण्यापूर्वी बाहेर कुठे नेता?"

"खाली पार्किंगमध्ये."

"तिथे करतो का?"

मी गप्प! दोन मिनिटं उभी राहायची आणि जांभया देत वर यायची, त्याने केलं की नाही हे कधी पाहिलंच नव्हतं. जन्मभर परसात, मातीवर जाणारा प्राणी. सिमेंटवर त्याला होईचना. दोन-तीनपर्यंत तो कसाबसा दम धरी आणि मग दार बंद, घर झोपलेलं. मी शाळेत शिकवते, पण इथे न शिकवलेल्या धड्याचे मार्क कापत बसले होते.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रकच बदललं. मोत्याचं जेवण साडेसहाला, घट्टसर. दिवसभर पाणी भरपूर, पण झोपण्याआधीच्या तासा-दीड तासात थोडंच. (उन्हाळ्यात किंवा आजारपणात पाणी मुळीच तोडू नका.) अकराला पार्किंगऐवजी समोरच्या मोकळ्या प्लॉटवरच्या गवतात. करेपर्यंत थांबायचं, आणि केल्याबरोबर तिथेच "शाब्बास!" आणि बिस्किटाचा तुकडा. घरी आल्यावर दिलं तर ते घरी आल्याचं बक्षीस होतं.

झोपायला पॅसेज बंद! आमच्या पलंगाशी त्याची गोधडी घातली आणि पट्टा पलंगाच्या पायाला बांधला, कूस बदलता येईल एवढा लांब. कुत्रा सहसा स्वतःच्या अंथरुणात घाण करत नाही. चुळबुळ करतो, म्हणजे आपल्याला जाग येते. शिवाय अडीचचा गजर. हे कुरकुरत का होईना, सोबत यायचे. दर तीन रात्रींनी गजर अर्धा तास पुढे सरकवला.

आणि वास! मी फिनेल ओतत होते. त्याने वास आपल्यापुरता झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला खालचा लागतोच. शिवाय ते पायांना लागून चाटण्यात आलं तर अपाय. अमोनियाचं द्रावणही नको, त्याचा वास लघवीसारखाच. आधी जुन्या कपड्याने टिपून घ्या, साध्या पाण्याने पुसा, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. घरी शहाबादी किंवा संगमरवर असेल तर मात्र व्हिनेगर नको, फरशी खराब होते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात यासाठी एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते घ्या.

पहिल्या आठवड्यात दोनदा चुकला. नवव्या दिवशी पाहुणे आले, जेवण उशिरा झालं, पुन्हा तळं. मी रडकुंडीला आले, पण रागावले नाही.

पंधराव्या रात्री गजर साडेचारचा होता. त्याआधीच हाताला ओलं, गार नाक लागलं. मोत्या मला उठवत होता! पॅसेज कोरडा. सासूबाईही उठल्या होत्या. त्यांनीच पट्टा सोडून माझ्या हातात दिला. "जा आधी त्याला घेऊन. चहा मी टाकते."

आणि हे? पांघरुणातूनच म्हणाले, "बिस्किट विसरू नकोस."

त्या रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी तिच्या आधीच बोलले, "रुळला गं आई, मोत्या रुळला."