जुन्या लॅपटॉपचा मालक कोण?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. विंडोज ११ रीतसर चालवायची तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. २०१२ मध्ये आलेला लेनोवोचा थिंकपॅड एक्स२३० दोन्ही कसोट्यांवर नापास होतो. त्याचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आहे आणि टीपीएम १.२ आहे. वास्तविक कीबोर्ड, पडदा, प्रोसेसर यांतले काहीच बिघडलेले नसते. कचऱ्यात जाण्याइतके वय या यंत्राचे झालेले नाही. ते 'जुने' ठरवले गेले आहे, आणि हा निर्णय मालकाने घेतलेला नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचा सारा खटाटोप हा निर्णय मालकाकडे परत आणण्यासाठीच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आला आणि १९९३ मध्ये या दोहोंवर उभी असलेली डेबियन ही प्रणाली सुरू झाली. डेबियन कुणीही वापरावी, तिचा सोर्स कोड वाचावा, त्यात बदल करावा आणि ती इतरांना वाटावी.

जुना लॅपटॉप रखडतो याचा दोष लोक प्रोसेसरला देतात, पण बहुधा अडसर फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. एसएसडीत काहीच फिरत नाही, त्यामुळे हा विलंब मिलिसेकंदाच्या अंशावर येतो. एक्स२३० मध्ये ती बसवायला एक स्क्रू काढण्याइतकीच खटपट पडते. रॅम १६ जीबीपर्यंत वाढवता येते.

आता प्रणाली. डेबियनची 'लाइव्ह' आयएसओ फाइल उतरवून घ्या आणि तिचा एसएचए-२५६ आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहा. फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, त्यासाठीच्या साधनाने ती 'राइट' करावी लागते. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला की डिस्कला हात न लावता पूर्ण प्रणाली चालू होते. आवाज, कॅमेरा, कीबोर्ड तपासा आणि मगच इन्स्टॉल करा. इन्स्टॉलर मराठीतही चालतो. डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय तो देतो, तो जरूर घ्यावा.

खरी परीक्षा वायफायची. एक्स२३० मधले इंटेलचे वायफाय कार्ड फर्मवेअरशिवाय जागे होत नाही. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, आणि इंटेलने त्याचा सोर्स कोड खुला केलेला नाही. डेबियनची अधिकृत इन्स्टॉल फाइल पूर्वी असे फर्मवेअर सोबत देत नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फाइलमध्येच येऊ लागले. नवख्या माणसासाठी हा निर्णय मला योग्य वाटतो. इन्स्टॉल करतानाच इंटरनेट नसेल तर तो तिथेच हात टेकतो. तत्त्वाला पक्के असणाऱ्यांसाठी ट्रिस्क्वेल ही प्रणाली आहे. तिच्यात असे बंद फर्मवेअर मुळीच नसते, म्हणून हे कार्डही चालत नाही.

मग कार्डच बदलावे? एथेरॉसची जुनी कार्डे अशा बाहेरून भरलेल्या फर्मवेअरविना चालतात. पण एक्स२३० चे बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम, मंजूर कार्डांची यादी बाळगून असते. यादीबाहेरचे कार्ड दिसले की लॅपटॉप सुरूच होत नाही! पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात कोणते कार्ड बसवावे हेही उत्पादकच ठरवतो, आणि ही अरेरावी प्रणाली बदलून जात नाही. सोपी वाट म्हणजे एआर९२७१ चिपचे यूएसबी वायफाय. तिचे फर्मवेअरही मुक्त आहे.

म्हणून सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला जाताना लाइव्ह पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानातच त्यावरून बूट करून वायफाय जोडून पाहा. बायोस पासवर्ड मागत असेल तर तो काढून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि प्रोसेसर ६४-बिटचा आहे याची खात्री करा, कारण २०२५ मधल्या डेबियन १३ पासून ३२-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही.