चूक सांगा, माणसाला नाव ठेवू नका

दुसऱ्याची चूक सांगणे हे आपले रोजचेच काम. पण बहुतेक वेळा एकतर वाईटपणा नको म्हणून आपण गप्प बसतो, नाहीतर कामाऐवजी माणसालाच बोलतो. दोन्हींत चूक तिथेच राहते.

एक उदाहरण पाहू. मुलाने 52 − 27 = 35 असे लिहिले. आपण नोंद करतो, "गणितात कच्चा आहे." सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या, तरी असे शेरे काही गेले नाहीत. यातून पुढे काय करायचे ते ना मुलाला कळते, ना पालकांना. आणि मूल मात्र 'मी कच्चाच' हे धरून बसते.

नीट पाहिले तर त्याने 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 वजा केले. मग नोंद अशी हवी: "एकक-दशक बरोबर मांडतो. वरचा अंक लहान असला की उलटी वजाबाकी करतो. दशक सुटा करण्याचा सराव हवा." यात चूक लपवलेली नाही, पण पुढची पायरी दाखवली आहे.

कौतुकालाही हेच लागू. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'हुशार आहेस' असे कौतुक झालेली मुले अवघड प्रश्नांत अडल्यावर लवकर हिरमुसली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले जास्त टिकून राहिली.

आता मोठ्यांचे बघा. स्टाफरूममध्ये आपण 'लेकी बोले सुने लागे' करतो. "काहीजणांना वेळेचं भानच नसतं!" ज्याला लागायचे त्याला लागत नाही, भलताच दुखावतो. त्यापेक्षा बाजूला घेऊन म्हणावे, "सर, या आठवड्यात तीन दिवस तुम्ही परिपाठाला नव्हता. दोन्ही वर्ग मला सांभाळावे लागले. काही अडचण आहे का?" घडले ते सांगितले, त्रास सांगितला, आणि त्यांनाही बोलायला जागा ठेवली.

घरी 'तू नेहमी असंच करतोस', 'तू कधीच ऐकत नाहीस' ही वाक्ये टाळा. 'नेहमी' म्हटले की समोरचा एक अपवाद शोधून भांडतो आणि मूळ मुद्दा राहून जातो.

थोडक्यात लक्षात ठेवू:
1. चारचौघांत नको, एकट्याला सांगा.
2. स्वभावावर नको, घडलेल्या गोष्टीवर बोला.
3. पुढे काय करता येईल ते सांगा.
4. त्याचेही ऐकून घ्या. कदाचित आपल्यालाच अर्धे माहीत असेल.

येत्या पालकसभेआधी आपल्या वर्गाच्या नोंदी एकदा अशा नजरेने वाचून बघा.