शेवटचा पाव फेरा : इलेक्ट्रिक पेचकस आणि दुरुस्तीचे ज्ञान

मोबाइलच्या आतले स्क्रू साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचे असतात. त्यातला एम १.४ मापाचा स्क्रू घेतला, तर त्याच्या दोन आट्यांमधले अंतर ०.३ मिलिमीटर भरते. म्हणजे स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की तो फक्त ०.३ मिलिमीटर पुढे सरकतो. लॅपटॉपच्या तळाला नेहमी आढळणारा एम २ मापाचा स्क्रू थोडा मोठा. त्याच्या आट्यांमधले अंतर ०.४ मिलिमीटर. हे आकडे किरकोळ वाटतात. पण दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या मनगटाचा हिशेब त्यांच्यातच आहे.

समजा, लॅपटॉपच्या तळाला दहा स्क्रू आहेत आणि प्रत्येकाचा चार मिलिमीटर भाग आट्यांत रुतलेला आहे. एक स्क्रू काढायला दहा फेरे, दहा स्क्रूंना शंभर. बारीक पेचकस चिमटीत धरून बोटांनी फिरवला, तर एका झटक्यात फार तर तृतीयांश फेरा होतो. म्हणजे उघडताना तीनशे झटके आणि बंद करताना तीनशे. ही फक्त तळाची पट्टी झाली. आतला पंखा, बॅटरी, मदरबोर्ड यांचे स्क्रू वेगळेच. दिवसाला अशी पाच-सहा यंत्रे हाताखालून जाणाऱ्या कारागिराचा अंगठा आणि मनगट का दुखते, हे यावरून समजावे.

या त्रासावरचा उपाय म्हणून पेनाच्या आकाराचे इलेक्ट्रिक पेचकस आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीपर्यंत ते आता दिसतात, आणि हौसेने घरी दुरुस्ती करणारेही ते घेतात. मिनिटाला दोनशे फेरे फिरणारे पेन वरचा दहा फेऱ्यांचा स्क्रू तीन सेकंदांत काढते. सोय मोठी आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की या पेनाकडून नेमके कोणते काम घ्यायचे आणि कोणते आपल्या हाती ठेवायचे. त्याचे उत्तर पेनाच्या पोटातच सापडते.

पेनाच्या पोटात काय असते

आत एक छोटी लिथियम बॅटरी, एक छोटी डीसी मोटर आणि तिच्यापुढे गिअरची डबी असते. मोटर नुसती असताना फार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर नसतो. मधले एक दातेरी चाक आणि त्याच्याभोवती फिरणारी तीन लहान चाके, अशा प्लॅनेटरी गिअरच्या एकावर एक रचलेल्या मजल्यांतून तो वेग उतरत जातो आणि पिळण्याचा जोर वाढत जातो. टोकाला चार मिलिमीटरची षट्कोनी खोबण असते, तिच्यात बिट बसते. चुंबक असल्याने बिट जागेवर राहते आणि स्क्रूही बिटाला चिकटतो.

आणखी एक महत्त्वाचा भाग आहे, त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बहुतेक चांगल्या पेनांत बटण सोडले की टोकाचा दांडा आतून अडकतो. मग ते पेन साध्या पेचकसासारखे हाताने फिरवता येते. खोक्यावर कधी कधी ‘३ न्यूटन-मीटर’ असा भरघोस आकडा छापलेला असतो, तो या हाताने फिरवण्याचा असतो. अडकलेला दांडा एवढा पीळ सोसेल, इतकाच त्याचा अर्थ. मोटरचा स्वतःचा जोर याच्या कितीतरी खाली असतो. काही पेनांत ०.०५ आणि ०.२ न्यूटन-मीटर असे दोन टप्पे दिलेले असतात. खरेदी करताना हे दोन आकडे वेगळे वाचायला हवेत.

या पिळाला टॉर्क म्हणतात. तो डोळ्यांपुढे आणायला सोपे उदाहरण घेऊ. स्क्रूच्या मध्यापासून एक सेंटिमीटर लांब दांडी बाहेर काढली आणि तिच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले, तर स्क्रूवर जो पीळ पडेल तो एक किलोग्रॅम-फोर्स सेंटिमीटर. न्यूटन-मीटरमध्ये तो साधारण ०.१ होतो. घरातले भिंतीला भोक पाडणारे ड्रिल याच्या शेकडो पट पीळ देते. म्हणून ड्रिलला बारीक बिट लावून मोबाइल उघडू पाहणे हा शुद्ध अविचार आहे. त्याचा सर्वांत हलका टप्पाही या स्क्रूंना जास्तच होतो.

स्क्रूला किती पीळ पुरतो

आता मुख्य आकड्याकडे येऊ. अ‍ॅपल कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना स्वतः दुरुस्ती करता यावी म्हणून सुटे भाग, अवजारे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका उपलब्ध केल्या. त्या पुस्तिकांत आयफोनसाठी रंगांनी ओळखायचे टॉर्क-ड्रायव्हर सांगितलेले आहेत. ठरलेला पीळ झाला की ते पुढे आवळणे थांबवतात. त्यातल्या हिरव्याचा आकडा ०.४५ किलोग्रॅम-फोर्स सेंटिमीटर आहे, निळ्याचा ०.६५. न्यूटन-मीटरमध्ये सांगायचे तर अनुक्रमे सुमारे ०.०४४ आणि ०.०६४.

हे आकडे पेनाच्या ०.२ शेजारी ठेवून पाहा. मोठ्या टप्प्यावर ठेवलेले पेन या स्क्रूंना हवा त्याच्या तिप्पट-चौपट पीळ देऊ शकते. ज्या अवजाराला आपण नाजूक म्हणून विकत घेतले, ते या कामासाठी नाजूक नाही. कारखान्यात जुळणी करणाऱ्या कामगाराच्या हातीही इलेक्ट्रिक ड्रायव्हरच असतो. पण त्याच्यावर त्या-त्या स्क्रूचा पीळ आधीच बांधून दिलेला असतो आणि तो आकडा वेळोवेळी तपासला जातो. बाजारातल्या बहुतेक पेनांत अशी अचूक मर्यादा नसते.

यात मोटरच्या वेगाची भर पडते. स्क्रूचे डोके जागेवर टेकते तेव्हा फिरणारी मोटर आणि गिअर एकदम थांबवले जातात. त्यांच्यात साठलेली गतीची ऊर्जा कुठे तरी जाणारच. ती स्क्रूच्या मानेत आणि आट्यांत जाते. त्यामुळे त्या क्षणाचा पीळ खोक्यावरच्या आकड्यापेक्षाही अधिक होऊ शकतो. अल्युमिनियमच्या चौकटीतले आटे किंवा प्लॅस्टिकमध्ये बसवलेली पितळी नळी यांना हा धक्का सोसेलच असे नाही. म्हणून मोटर थांबवायची ती डोके टेकण्याच्या आधी. उरलेला अर्धा-पाव फेरा, बटणावरचे बोट काढून, हाताने.

काढतानाही पहिला फेरा हाताचाच. कारखान्यात अनेक स्क्रूंच्या आट्यांवर निळसर चिकट थर दिलेला असतो, कंपनाने ते सैल होऊ नयेत म्हणून. शिवाय बराच काळ बसलेल्या स्क्रूला पहिल्यांदा हलवायला नंतरच्यापेक्षा अधिक जोर लागतो. तिथे मोटर अडते, बिट उसळते आणि खाच खरडली जाते. हाताने वरून सरळ दाब देऊन स्क्रू सुटल्याचे जाणवले, की मगच मोटर.

खाच आणि बिट

खाच खरडली जाण्याचे दुसरे कारण म्हणजे चुकीचे बिट. आपल्याला सवयीची असलेली फिलिप्स खाच अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाची. त्यांचे पेटंट १९३६ सालचे. मोटारींच्या कारखान्यात ती लोकप्रिय झाली, कारण यंत्राने चालणारा ड्रायव्हर तिच्यात आपोआप मध्यावर येऊन बसतो. पण तिच्या भिंती उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की बिट वर ढकलले जाते. जपानी कॅमेऱ्यांत आणि यंत्रांत दिसणारी फुली हुबेहूब तशीच वाटते, पण तिची घडण वेगळी आहे. तिला जेआयएस बिट लागते; काही स्क्रूंच्या डोक्यावर ओळखीसाठी एक ठिपका असतो. टॉर्क्स ही सहा टोकांच्या चांदणीची खाच १९६७ ची, तिच्यात बिट सहसा उसळत नाही. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोमध्ये पाच पाकळ्यांची पेंटालोब खाच आणली, ती पुढे आयफोनच्या बाहेरच्या स्क्रूंवर आली. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये आतल्या काही स्क्रूंना तीन टोकांची खाच आली.

फिलिप्समध्येही पीएच ००० आणि पीएच ०० यांत डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. एक नंबर लहान बिट खाचेत सहज बसते आणि फसवते. हाताने फिरवताना बिट निसटते आहे हे पहिल्या हलक्या वळणातच बोटांना कळते. मिनिटाला दोनशे फेऱ्यांचे पेन मात्र पाव सेकंदात पाऊण फेऱ्याहून अधिक फिरते. आपल्याला कळून बटण सोडेपर्यंत फुलीच्या चार कडांवरून बिट तीनदा घासून गेलेले असते. म्हणून बिट खाचेत ठेवून, पेन बंद असतानाच, डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खेळ जाणवला तर एक नंबर मोठे बिट लावून पाहावे.

प्लॅस्टिक, लांबी आणि बॅटरी

रिमोट, खेळणी, रेडिओ यांत स्क्रू थेट प्लॅस्टिकच्या खुंटीत जातो आणि स्वतःचे आटे स्वतः पाडतो. तो परत बसवताना आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात उतरताना ‘टक्’ असा हलका धक्का लागतो, तिथून सरळ आवळायचा. मोटरने थेट घातला तर तो नवे आटे पाडतो, आणि असे दोन-तीनदा झाले की खुंटीचे आटे गेलेच म्हणून समजा.

मोबाइलमध्ये धोका लांबीचा. एकाच पत्र्याखाली १.२ आणि १.७ मिलिमीटरचे स्क्रू शेजारी-शेजारी असू शकतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला, तर त्याचे टोक खालच्या बोर्डाच्या थरांत घुसून आतले तांब्याचे मार्ग तोडते. पडदा बदलायला आणलेला चालू फोन असा बंद पडतो, आणि नुकसान पडद्याच्या किमतीच्या पुढे जाते. हाताला अडथळा वेळेवर जाणवतो. मोटर तो ओलांडून जाते. उपाय जुनाच आहे : कागदावर यंत्राचा आराखडा काढावा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा. आणि यंत्र उघडल्यावर पहिले काम म्हणजे बॅटरीची जोडणी सोडवणे. निसटलेले फिरते बिट लिथियम बॅटरीच्या मऊ पाकिटात गेले, तर आग लागू शकते.

आपल्या पेनाचा पीळ घरी मोजा

खोक्यावरचा आकडा मानून चालण्यापेक्षा तो तपासता येतो. त्यासाठी चार मिलिमीटरची एल आकाराची एलन की आणि स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरे. बिट काढून एलन कीची आखूड बाजू पेनाच्या खोबणीत बसवा. पेन आडवे धरा आणि कीची लांब बाजू आडवी राहून काट्यावर टेकेल असे करा. पेनाच्या अक्षापासून ती जिथे टेकते ते अंतर पाच सेंटिमीटर ठेवा. की खाली दाबली जाईल त्या दिशेचे बटण एक सेकंदच दाबा. अडकलेली मोटर लवकर तापते. काटा ९० ग्रॅम दाखवत असेल, तर ०.०९ गुणिले ५ म्हणजे ०.४५ किलोग्रॅम-फोर्स सेंटिमीटर, हिरव्या ड्रायव्हरइतका. ४०० ग्रॅम दाखवत असेल, तर २, म्हणजे चौपटीहून जास्त. बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि उतरलेली असताना, दोन्ही वेळा मोजून पाहावे. एकच पेन दोन वेगळे आकडे देताना दिसेल, आणि मोटरच्या भरवशावर शेवटचा पाव फेरा का सोडू नये हे आपोआप पटेल.

आकडा कुणाकडे असतो

या साऱ्यातून एक गोष्ट पुढे येते. अवजार आता स्वस्त आणि सर्वांना मिळणारे झाले आहे. न मिळणारी वस्तू आहे ती आकड्यांची : कोणत्या जागी किती लांबीचा स्क्रू आणि त्याला किती पीळ. हे कारखान्याला माहीत असते. दुकानातल्या कारागिराला ते बोटांच्या सवयीने, अनेक यंत्रे हाताळून कमवावे लागते, आणि त्या शिक्षणाची किंमत कधी त्याच्या खिशातून जाते, कधी ग्राहकाच्या.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचा दहापैकी गुण छापावा लागतो, आणि दुरुस्तीची कागदपत्रे उपलब्ध आहेत का हाही त्या गुणांतला एक निकष आहे. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आपल्याकडे सुट्या भागांच्या किमतीपाशी बहुधा थांबते. तिच्यात स्क्रूंचा नकाशा आणि टॉर्कचा तक्ता यांची मागणीही यायला हवी. एका पानात मावणारी ही माहिती आहे, पण ती मराठीत छापून कारागिराच्या बाकासमोर लागली, तर कितीतरी बोर्ड वाचतील.

तोवर नियम साधा ठेवावा. पहिला फेरा हाताने, मधले फेरे मोटरने, शेवटचा पाव फेरा पुन्हा हाताने. पेनाने मनगटाचे कष्ट वाचवावेत, एवढेच त्याच्याकडून घ्यावे. किती आवळायचे हे ठरवण्याचे काम ज्याला अडथळा जाणवतो त्याच्याकडेच, म्हणजे बोटांकडे, राहू द्यावे.