बाई, हे तुम्ही वाचलंय?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि या पुरस्काराचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार सर्वांत आधी, २०१५ मध्ये, मिळाला होता तो अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या नॅन्सी अ‍ॅटवेल या शिक्षिकेला. डिसले गुरुजी क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे जगाला माहीत झाले. अ‍ॅटवेलबाईंकडे तसे नवलाचे काही नव्हते. त्यांच्याकडे होती पुस्तकांनी भरलेली वर्गखोली आणि मुलांना आपापले पुस्तक निवडण्याची मोकळीक. एजकोम्ब या लहानशा गावात त्यांनी १९९० मध्ये शाळा काढली. तिथली मुले वर्षाला सरासरी ४० पुस्तके वाचतात, असे त्या सांगत. पुरस्काराची सगळी रक्कमही त्यांनी शाळेलाच देऊन टाकली.

चाळीस हा आकडा ऐकून कोणीही विचारेल, की मुलांना इतकी पुस्तके सुचवतो कोण? ग्रंथालयातली यादी सुचवते, पुरस्काराचा शिक्का सुचवतो, दुकानातली मांडणी सुचवते. पण वर्गात शेवटी चालतो तो बाईंचा शब्द, आणि तोही बाईंनी पुस्तक खरोखर वाचले असेल तरच. मुले यात फार हुशार असतात. “बाई, हे तुम्ही वाचलंय?” असे विचारून ती उत्तराआधी चेहरा वाचतात.

म्हणून तिकडे अमेरिकेत शिक्षकांमध्ये एक रीत रुजली आहे. सुट्टीत, प्रवासात, रात्री झोपण्यापूर्वी ते मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचतात. आपल्या लहानपणच्या आठवणीतल्या जुन्या नव्हेत, तर यंदा-गेल्या वर्षी आलेल्या. या कादंबऱ्यांना प्रकाशन व्यवसायात ‘मिडल ग्रेड’ म्हणतात. साधारण ८ ते १२ वर्षांचा वाचक त्यांच्यासमोर असतो. चित्रांच्या पुस्तकातून तो बाहेर पडलेला असतो, पण कुमारवयाच्या प्रेमकथांना अजून अवकाश असतो. नायक-नायिका वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी ठेवायची, कारण मुलांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्यांचे वाचायला आवडते, हा तिथला जुना ठोकताळा. विषयांना मात्र मर्यादा नाही. युद्ध, मृत्यू, वर्णभेद, बेघरपण सगळे येते. फक्त ते मुलाच्या उंचीवरून दिसते.

अशा पुस्तकांसाठीचा सर्वांत मानाचा अमेरिकी पुरस्कार म्हणजे न्यूबेरी पदक. अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन न्यूबेरी याच्या नावाने ते १९२२ पासून दिले जाते आणि निवड बालग्रंथपाल करतात. पण पदक मिळालेले प्रत्येक पुस्तक प्रत्येक वर्गात चालते असे नाही. ते कोणाच्या हातात द्यायचे, हे शिक्षकाने वाचल्यावरच कळते.

उदाहरणच घेऊ. लोइस लॉवरी यांची ‘नंबर द स्टार्स’ १९८९ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी मिळाले. काळ १९४३ चा, गाव कोपनहेगन, आणि डेन्मार्कवर जर्मन सैन्याचा ताबा. दहा वर्षांच्या अ‍ॅनमरीच्या घरी तिची ज्यू मैत्रीण एलन लपली आहे. मध्यरात्री सैनिक दारावर धडकतात. एलनला अ‍ॅनमरीची बहीण म्हणून दाखवायचे ठरले आहे, पण तिच्या गळ्यात सहा टोकांच्या ताऱ्याची, म्हणजे ज्यू धर्मचिन्हाची साखळी आहे आणि तिचा फासा काही केल्या निघत नाही. बुटांचा आवाज खोलीपर्यंत आलेला. अ‍ॅनमरी साखळी हिसकते, ती तुटते, आणि सैनिक आत येताना तो तारा तिच्या मुठीत असतो.

पुस्तकाची ओळख करून देणारी शिक्षिका इथे थांबते आणि पुस्तक टेबलावर ठेवते. अशा दोन-तीन मिनिटांच्या ओळखीला ‘बुक टॉक’ म्हणतात. कुठे थांबायचे हे मागच्या पानावरचा मजकूर वाचून ठरवता येत नाही. सैनिक गेल्यावर अ‍ॅनमरी मूठ उघडते, तेव्हा ताऱ्याची खूण तिच्या तळव्यावर उमटलेली असते. हे ज्याने वाचले आहे, त्यालाच ते न सांगता राखून ठेवता येते. वर्गात एखादा मुलगा गोष्टींपेक्षा विज्ञानात रमणारा असेल, तर त्याच्यासाठी वेगळे आमिष आहे. ज्यूंना बोटींतून स्वीडनला नेताना जर्मन कुत्र्यांना माणसांचा वास लागू नये, म्हणून सशाचे वाळवलेले रक्त आणि कोकेन यांची भुकटी रुमालाला लावत. हे खरेच घडले होते, आणि लॉवरी तसे पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात सांगतात. जेमतेम दीडशे पानांच्या या पुस्तकात दोन वेगळ्या मुलांसाठी दोन वेगळी दारे आहेत.

मूल आणि पुस्तक यांची गाठ घालणे हे या वाचनाचे दुसरे काम. लुई सॅकर यांची ‘होल्स’ १९९८ ची. बूट चोरल्याच्या खोट्या आरोपावरून स्टॅन्ली नावाच्या मुलाला सुधारगृहाच्या छावणीत धाडतात. छावणीचे नाव ‘ग्रीन लेक’, पण तिथे ना हिरवळ ना तळे. रोज पाच फूट खोल आणि पाच फूट रुंद खड्डा खणायचा, एवढेच काम. प्रकरणे अगदी छोटी, काही तर दोन-तीन पानांची. जाड पुस्तक बघूनच धास्तावणाऱ्या मुलाला ‘एकच प्रकरण वाच’ असे सांगता येते. शिवाय याच कादंबरीत वाचता न येणारा ‘झीरो’ नावाचा मुलगा आहे आणि स्टॅन्ली त्याला अक्षरे शिकवतो. वर्गात वाचनात मागे पडलेल्या मुलाला हे पुस्तक देताना शिक्षकाला दोनदा विचार करावा लागतो. काही मुलांना झीरो जवळचा वाटेल, काहींना आपल्यालाच टोमणा मारल्यासारखे होईल.

खेळाच्या मैदानावरून हलायला तयार नसलेल्यांसाठी क्वामे अलेक्झांडर यांची ‘द क्रॉसओव्हर’ आहे. बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांची ही कथा मुक्तछंदात आहे, आणि कविता म्हटले की पळणारी मुलेही ती वाचून काढतात, कारण पानावर शब्द थोडे आणि चेंडूचा वेग भरपूर. तिला २०१५ चे न्यूबेरी मिळाले. २०२० मध्ये जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ या चित्रकादंबरीला ते मिळाले. चित्रकादंबरीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. ‘चित्रांचे पुस्तक म्हणजे खरे वाचन नव्हे’ असे म्हणणाऱ्या पालकांपुढे ठेवायला शिक्षकांना तेवढे पुरले.

पालकांचा प्रश्न नेहमी इतका साधा नसतो. ‘न्यू किड’ मधला जॉर्डन हा काळ्या कुटुंबातला मुलगा गोऱ्या मुलांची बहुसंख्या असलेल्या खासगी शाळेत जातो. शिक्षक एका काळ्या मुलाला सतत दुसऱ्याच काळ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अशा छोट्या-छोट्या बोचऱ्या प्रसंगांतून कथा पुढे सरकते. २०२१ मध्ये टेक्सासमधल्या केटी इथे पालकांच्या तक्रारीवरून हे पुस्तक शालेय ग्रंथालयातून काढले गेले आणि क्राफ्ट यांची विद्यार्थ्यांशी ठरलेली भेटही पुढे ढकलली गेली. समितीने पुस्तक तपासले आणि ते परत कपाटात आले. अशा वेळी तक्रारीतले वाक्य नेमके कुठल्या पानावरचे, त्याच्या मागे-पुढे काय आहे, हे सांगू शकणारा माणूस शाळेत असावा लागतो. पुस्तक न वाचता त्याची बाजू घेणे आणि न वाचता त्याच्यावर तुटून पडणे यांत फारसा फरक उरत नाही.

दुःखाचेही तसेच. कॅथरीन पॅटरसन यांची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ (१९७७) वाचताना मुले निम्म्याहून पुढे जातात ती दोन मित्रांच्या काल्पनिक राज्याच्या आनंदात. मग अचानक त्यांतली मुलगी ओढ्यात बुडून मरते. पॅटरसन यांच्या लहान मुलाची मैत्रीण वीज पडून गेली होती. त्या धक्क्यातून हे पुस्तक आले. ज्या मुलाच्या घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला आहे, त्याच्या हातात ते द्यायचे की नाही, याचे एकच एक उत्तर नाही. पण शिक्षकाला ते वळण माहीत असेल, तर निदान त्या आठवड्यात तो त्या मुलाच्या बाकाजवळून दोनदा जास्त फिरेल.

हे सगळे यंत्राला सोपवण्याचे प्रयत्न झालेच. वाक्यांची लांबी आणि शब्दांची ओळख मोजून पुस्तकाला ‘पातळी’ देणाऱ्या पद्धती अमेरिकी शाळांत सर्रास वापरतात. त्यांतल्या लेक्साइल या मोजपट्टीवर स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ ही ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ पेक्षा सोपी ठरते! दुसरीकडे पुस्तक वाचून संगणकावर प्रश्नमंजूषा सोडवा आणि गुण मिळवा, असे कार्यक्रम आहेत. टेक्सासमध्ये सहावीला शिकवणाऱ्या डोनलिन मिलर यांनी २००९ मध्ये ‘द बुक व्हिस्परर’ लिहून याविरुद्ध आवाज उठवला. वर्षात वेगवेगळ्या प्रकारची ४० पुस्तके वाचा, पण निवड तुमची. नंतर निबंध नाही, तक्ता नाही. त्या स्वतः मुलांबरोबर वाचत आणि काय वाचले ते वर्गात बोलत. गंमत अशी, की पुढे बऱ्याच शाळांनी त्यांतला फक्त आकडा उचलला. स्पर्धा लागल्या, तक्ते भिंतीवर चढले, आणि ‘मला हे म्हणायचे नव्हते’ असे मिलर यांनाच लिहून सांगावे लागले.

मुलांबरोबर वाचणारा शिक्षक आणखी एक गोष्ट उघडपणे करतो: पुस्तक अर्धवट सोडतो. फ्रान्समधले शिक्षक आणि लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत पाने गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक न संपवण्याचा आहे, आणि सर्वांत आधी न वाचण्याचाही आहे. ‘मला पन्नास पानांनंतर कंटाळा आला, तुला आवडले तर सांग’ असे बाई म्हणतात तेव्हा मुलाला पहिल्यांदाच कळते, की आवडनिवड ही त्याचीही असू शकते.

रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक प्राध्यापिकेने १९९० मध्ये लिहिले, की पुस्तक कधी दुसऱ्याच्या जगात डोकावायची खिडकी असते, कधी स्वतःला दाखवणारा आरसा. अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुलांना असा आरसा फार काळ मिळाला नव्हता. वीरा हिरानंदानी यांच्या ‘द नाइट डायरी’ ला २०१९ मध्ये न्यूबेरी ऑनर मिळाला. सिंधमधल्या मीरपूर खासची बारा वर्षांची निशा १९४७ च्या फाळणीत वडील, आजी आणि जुळा भाऊ अमील यांच्यासह जोधपूरला निघते, आणि रोज रात्री आपल्या मृत आईला डायरीत पत्र लिहिते. वडील हिंदू, आई मुसलमान. घरचा स्वयंपाकी काझी मागेच राहतो. मोठ्यांच्या राजकारणापेक्षा निशाला काझीच्या हाताखाली शिकलेला स्वयंपाक जास्त आठवतो. मुंबईजवळच्या उल्हासनगरमध्ये किंवा पुण्यातल्या पिंपरीत वाढलेल्या मुलांना शेजारच्या सिंधी कुटुंबाची गोष्टही याच्यात सापडेल.

या वयाचा वाचक कसा असतो, हे शिक्षकांना इतके नीट कळते की त्यांतले काही लेखकच होतात. ‘पर्सी जॅक्सन’ या पुस्तकमालिकेचे लेखक रिक रायर्डन बरीच वर्षे माध्यमिक शाळेत शिकवत होते आणि पहिल्या पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी आधी आपल्या विद्यार्थ्यांकडून वाचून घेतले. आपल्याकडे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. ‘श्यामची आई’ त्यानंतरची, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली.

मराठीत या वयासाठी खजिना नाही असे नाही. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश फेणे, म्हणजेच भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, अजून धावतो. पुस्तकवेडा ‘बिपीन बुकलवार’ हाही त्यांचाच. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आहे, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आहे. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला २०२४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. १९७१ पासून बालभारती काढत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अडचण असते ती कपाटाच्या कुलपाची. पुस्तक हरवले तर साठा नोंदवहीत ते कोणाच्या नावावर पडणार, या धास्तीने कित्येक शाळांत पुस्तके नवी-कोरीच राहतात. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ती बाहेर येतात आणि फोटो झाला की आत जातात. ज्या शिक्षकाने मे महिन्यात त्यांतली चार पुस्तके घरी नेऊन वाचली असतील, त्याला जूनमध्ये कुलूप काढायला निदान चार कारणे असतात: हे पुस्तक क्रिकेटवेड्या पोराला, हे गोष्टी रचून सांगणारीला, हे मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला, आणि चौथे अजून कोणाला ते ठरलेले नाही.